शिबिर नको, सिस्टरचा पगार द्या

प्रति,
मुंबईतल्या कंपन्यांच्या सीएसआर (नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च) समित्यांचे सदस्य आणि देणगीदार विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

जानेवारी सरत आला की आमच्यासारख्या दवाखान्यांचे फोन वाजू लागतात. पलीकडचा आवाज अदबीचा असतो आणि घाईचाही. थोडा निधी उरलाय, ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा, तुमच्या वस्तीत एखादं आरोग्य शिबिर घेता येईल का? तीनशे माणसं जमतील ना? बॅनर आम्ही आणू. दरवर्षी आम्ही हो म्हणतो, कारण नाही म्हणणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी फोन येत नाही. यंदा हो म्हणायच्या आधी चार गोष्टी लिहून काढते. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा उघडच सांगितलेलं बरं.

मी गोवंडीतल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. औषधांचा साठा, पेशंटची रजिस्टरं आणि निधी कुठे खर्चला याची तुम्हाला पाठवायची युटिलायझेशन सर्टिफिकेटं, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर इथली माणसं आमच्याकडे येतात. कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरात जरीकाम करणारी, रिक्षा चालवणारी. मागे देवनारचं डम्पिंग ग्राउंड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. हे तुमच्या सादरीकरणांत असतंच, म्हणून तर तुम्ही आमचा पत्ता शोधत येता.

आधी शिबिराचंच बोलू. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये टेबलं लागतात, मागे कंपनीच्या नावाचा बॅनर, दारात नोंदणी. तुमचे कर्मचारी टी-शर्ट घालून येतात, मनापासून राबतात, त्याबद्दल मला काडीचाही संशय नाही. दोन डॉक्टर, चार तास, तीनशे माणसं. गणित करा, माणशी जेमतेम दीड मिनिट हातात येतं. त्या दीड मिनिटात पन्नाशीतली एक बाई समोर बसते. बीपी १८०/११०. डोकं दुखतं का? दुखतं. चक्कर येते का? कधी कधी. तिला अॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या दहा गोळ्या, कॅल्शियमची एक पट्टी आणि ‘पुढील उपचारासाठी तज्ज्ञ डॉक्टरांना भेटावे’ असा शिक्का मारलेला कागद मिळतो. सोबत कापडी पिशवी. फोटो होतो. अकराव्या दिवशी तिच्याकडे पिशवी उरते, गोळी उरत नाही.

अहवालात ती ‘लाभार्थी’ असते.

बीपीचा उपचार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी सकाळच्या चहाबरोबर ती गोळी असते. ती रोज घ्यायची, दर महिन्याला बीपी मोजायचं, उतरलं नाही तर डोस वाढवायचा किंवा दुसरी गोळी जोडायची, आणि हे वर्षानुवर्षं. अॅम्लोडिपिनची जेनेरिक गोळी इतकी स्वस्त आहे की औषधाच्या किमतीवर गाडं सहसा अडत नाही. अडतं ते महिन्याच्या शेवटी. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली. नणंदेच्या लग्नाला आजमगढला गेले, तिकडेच दोन महिने राहिले. नवऱ्याचं काम सुटलं, घर बदललं. पाणी यायच्या वेळेलाच ओपीडी असते. शेजारणीने सांगितलं की एकदा लागली की ही गोळी सुटत नाही, म्हणून भीतीने घेतलीच नाही. या प्रत्येकीला कुणीतरी जाऊन शोधावं लागतं, भांडून नाही तर समजावून परत आणावं लागतं.

ते आमच्याकडे कसं चालतं ते सांगते. प्रत्येक बीपी-शुगरच्या पेशंटचं एक कार्ड असतं. ती कार्डं लाकडी खोक्यात पुढच्या तारखेप्रमाणे लावलेली असतात. पेशंट आला की कार्ड बाहेर काढायचं, बीपी लिहायचं, तीस दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, कार्ड पुढच्या महिन्याच्या खणात. दिवस संपला की आजच्या खणात जी कार्डं पडून राहिली, ती माणसं आली नाहीत. बस्स, इतकं साधं. ती उरलेली कार्डं आमच्या आरोग्यसेविका ताई दुसऱ्या दिवशी पिशवीत टाकून वस्तीत निघतात. पत्त्याच्या जागी लिहिलेलं असतं: ‘मशिदीमागची दुसरी गल्ली, सिलिंडरवाल्याच्या वर’. कुठल्याही अॅपला तो पत्ता सापडणार नाही. ताईंना सापडतो, कारण त्या चौदा नंबरच्या प्लॉटवर राहतात आणि त्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पोलिओचा डोस त्यांनीच पाजलाय.

आता या ताईंचा पगार कुणी द्यायचा? माझा तुम्हाला सवाल आहे तो हा एवढाच.

तुम्ही आम्हाला व्हॅन दिलीत. ती आमच्या गल्लीत शिरत नाही, हा मुद्दा सोडून देऊ, हमरस्त्याला उभी करता येते. पण ड्रायव्हर, डिझेल, विमा, टायर हे कुणाच्याच बजेटमध्ये नव्हते. एकाने ग्लुकोमीटर दिले, भरपूर दिले. प्रत्येकाबरोबर स्ट्रिप्सची एक डबी. डबी संपली तेव्हा कळलं की त्या मशीनला त्याच कंपनीच्या स्ट्रिप्स लागतात आणि मशीनपेक्षा खर्च स्ट्रिप्सचाच मोठा. आता ते ग्लुकोमीटर कपाटाच्या खालच्या खणात आहेत, खोक्यासकट. रक्ततपासणीचं मशीन द्यायचं आणि त्यात लागणारं रसायन, म्हणजे रिएजंट, द्यायचं नाही, ही गोष्टही त्यातलीच. दात आहेत तर चणे नाहीत. ज्या वस्तूवर नावाची पाटी लावता येते ती मिळते, जी महिन्याला संपते ती मिळत नाही.

ही खोड तुमचीच नाही, शहराची जुनी आहे. मुंबईत दानशूर माणसांनी काय कमी बांधलं? जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, कामा रुग्णालय १८८६ साली, परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह गिरणी कामगारांच्या बायकांसाठी १९२६ साली. त्या दगडांचं ऋण या शहरावर आहे आणि राहील. पण जानेवारी २०२० आठवा. पालिका आणि सरकारकडून येणं असलेल्या पैशावरून वाडिया रुग्णालय बंद पडायची वेळ आली होती, कर्मचारी रस्त्यावर होते, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. इमारत शाबूत होती. चणचण होती ती दर महिन्याच्या खर्चाची. इतक्या मोठ्या नावाच्या संस्थेची ही गत, तर दोन खोल्यांच्या दवाखान्याचं काय घेऊन बसलात!

पगाराचा विषय काढला की तुमच्या ऑफिसातून एक ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, कायद्याने अॅडमिन खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी नियमच काढून वाचले. तुमच्या कायदा विभागालाही ते वाचायची विनंती आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आणि त्याखालचे सीएसआर नियम, २०२१ च्या दुरुस्तीसह. तिथे प्रशासकीय खर्च म्हणजे कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. दवाखाना चालवणं हाच प्रकल्प असेल तर सिस्टरचा पगार ही अंमलबजावणी नाही तर काय आहे? पाच टक्क्यांची ती दोरी तुमच्या गळ्यातली; ती आमच्या गळ्यात कशी आली, देव जाणे.

आणि त्याच नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. सुरू केलेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो. त्या वर्षी न खर्चलेली रक्कम, वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, वेगळ्या खात्यात टाकून पुढे वापरता येते. म्हणजे ३१ मार्चची ती धावपळ, ते जानेवारीतले फोन, हे सगळं कायद्याने तुमच्यावर लादलेलं नाही. जून-जुलैत बसून तीन वर्षांचं ठरवलं असतं तर टळलं असतं. आमचं मात्र तुमच्यावाचून चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला, मोठ्या संस्थांना परदेशातून आलेला पैसा लहान संस्थांकडे वळवायला बंदी झाली, आणि वस्तीतल्या कितीतरी लहान संस्थांचा तो झरा आटला. उरलात तुम्ही.

आता मोजमापाबद्दल. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, एकूण लाभार्थी. शिबिरात तीनशे माणसं आली की तीनशे लाभार्थी. आमच्याकडे एक पेशंट वर्षभर दर महिन्याला आला, त्याचं बीपी आटोक्यात राहिलं, लकवा टळला, तरी तो लाभार्थी एक. मग ‘प्रति लाभार्थी खर्च’ काढला जातो आणि आमचा दवाखाना महागडा ठरतो. ज्या पेशंटला आम्ही जितकं जास्त सांभाळू तितके आम्ही तुमच्या तक्त्यात वाईट दिसतो. अशा हिशेबात शिबिरच जिंकणार.

दुसरं मोजमाप कुठे आहे, असं विचाराल तर ते परदेशातून आणायला नको. २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकार, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्र होता, आणि आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथल्या सरकारी केंद्रांत ठरलेला एक साधा प्रोटोकॉल, महिनाभराच्या गोळ्या, डॉक्टरांबरोबर नर्स आणि आशा यांचीही कामाची वाटणी. आमचं खोकं आणि कार्डं त्याच शाळेतली. आणि मोजायचं काय, तर नोंदवलेल्या पेशंटपैकी गेल्या तिमाहीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. या एका आकड्यात गोळ्यांचा पुरवठा, डॉक्टरांची हजेरी, ताईंची पायपीट, सगळं उतरतं. खोटा लिहायलाही तो अवघड आहे, कारण कुणीही येऊन कार्डं चाळू शकतं. तुमच्या फॉर्ममध्ये हा एक रकाना घाला. पहिल्या तिमाहीचा आमचा आकडा पाहून तुम्ही खूश होणार नाही. चालेल. तो का कमी आहे यावर मग बोलणं तरी होईल.

टीबीचं वेगळं सांगावं लागेल. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका या पुनर्वसनाच्या वसाहती तुम्ही पाहिल्या असतील. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लागतात. तिथे ऊन आणि वारा न शिरण्याचा टीबीशी संबंध आहे, हे २०१८ साली समोर आलेल्या अभ्यासाने दाखवलं. तिथल्या बायका ते आधीपासून सांगत होत्या. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये थेट खात्यात देतं. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ होऊन तुमच्यापैकी अनेकजण कडधान्याची, तेलाची पाकिटंही देता. उत्तम आहे, थांबवू नका. फक्त फोटो थांबवा. ज्या मुलीच्या हातात ते पाकीट देऊन तुम्ही तिला बॅनरसमोर उभं करता, तिचं लग्न ठरायचं असतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो गल्लीतल्या ग्रुपवर फिरतो. आमच्याकडच्या एकीने त्यानंतर पाकीट घ्यायला यायचंच बंद केलं आणि पाठोपाठ गोळ्याही. ताईंनी तिच्या मावशीच्या घरी, चिता कॅम्पला जाऊन तिला गाठलं, आणि पुढचे महिने गोळ्या मावशीकडेच पोचवल्या. पाकिटाचा खर्च तुमच्या अहवालात आहे. चिता कॅम्पच्या रिक्षाभाड्याला कुठलाच रकाना नाही.

कुणी म्हणेल, हे काम महापालिकेचं, तुम्ही धर्मादाय मंडळी मध्ये कशाला? खरं आहे, पालिकेचंच. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं तेव्हापासून पन्नास हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, आणि २०२२ पासून संध्याकाळीही उघडे असणारे ‘आपला दवाखाना’ सुरू झालेत. त्यांचा आम्हाला आनंदच आहे. आमचे कितीतरी पेशंट आता तिकडे जातात, आणि जावेतच. पण हातावर पोट असलेल्या माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना कुणीतरी सोबत लागतं. शताब्दी रुग्णालयातून राजावाडी रुग्णालयाला पाठवलं, राजावाडीतून सायनला, प्रत्येक ठिकाणी रांग, प्रत्येक ठिकाणी एक दिवसाची मजुरी बुडालेली. तिसऱ्या दिवशी माणूस घरी बसतो किंवा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायचा नियम २००६ पासून आहे, पण उत्पन्नाचा दाखला काढून, समाजसेवा अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचणार कोण? हे मधलं काम आमचं. पालिकेचा दवाखाना सगळी तारांबळ सांभाळून जिथे थांबतो, तिथून पुढचं.

शिबिरं सरसकट वाईट असतात असं मात्र कुणी माझ्या तोंडी घालू नका. मोतीबिंदूचं शिबिर घ्या, जरूर घ्या. तपासणी झाली, ऑपरेशनची तारीख तिथेच मिळाली, न्यायला-आणायला बस असली, की माणसाला दिसू लागतं. काम पुरं. पूर आला, वस्तीला आग लागली, तर त्या आठवड्यात शिबिराइतकं दुसरं काही उपयोगी नाही. एकदा केल्याने जे दुखणं सुटतं त्याला शिबिर चालतं. बीपी, शुगर, टीबी, गरोदर बाईचं रक्त, पोरांची लसीकरणाची तारीख, ही सुटत नाहीत. आमच्या ओपीडीत याच गोष्टींची गर्दी असते.

तेव्हा मागणं असं. एका शिबिराचा मंडप, जेवण, टी-शर्ट आणि बॅनर यांची बिलं यंदा एकदा बाजूला काढून बेरीज करा. तेवढ्यात आमच्या एका ताईंचा पगार किती महिने निघतो ते मी तुम्हाला फोनवर सांगेन. मग एक सिस्टर, एक ताई, वर्षभराच्या गोळ्या आणि स्ट्रिप्स, एवढंच तीन वर्षांसाठी घ्या. पैसे तिमाहीच्या सुरुवातीला द्या. संपल्यावर, बिलं तपासून, दोन महिन्यांनी नको. पगार उशिरा झाला की ताई जरीचं काम धरतात, त्याचा दोष त्यांना कसा देणार? नाव लावायचं असेल तर दवाखान्याच्या दारावर लावा, आमची हरकत नाही, पेशंटच्या हातात देऊ नका. आणि तीन वर्षांनी जायचं झालं तर सहा महिने आधी सांगून जा. शिबिराला येणारा पाहुणा दुपारी गेला तरी कुणाचं अडत नाही, पण ज्यांची कार्डं खोक्यात आहेत त्यांना दुसरीकडे लावून द्यायला वेळ लागतो.

पाहायला यायचं असेल तर बुधवारी दुपारी चारनंतर या, त्या दिवशी बीपी-शुगरची ओपीडी असते. सात-आठ जण एकदम येऊ नका, खोलीत मावत नाही. एकच जण या, शक्यतो अकाउंट्सचं माणूस, आणि खोक्यातली कार्डं स्वतः चाळून पाहा.

आपली नम्र,
गोवंडीतल्या एका दवाखान्यातली फार्मासिस्ट

ता. क. वॉटर कूलर देण्याचा विचार असल्यास कृपया देऊ नये. दोन आहेत, दोन्हींवर नावं आहेत, आणि नळाला पाणी सकाळी तासभरच येतं.